लाकूड वाळेपर्यंत

2023 च्या एप्रिलमध्ये एका दुपारी सुतार आबांनी आमच्या अर्धवट घराच्या कोपऱ्यातल्या सांध्यात करंगळी घातली. ती पहिल्या पेरापर्यंत आत गेली. फेब्रुवारीत त्याच सांध्यात पोस्टकार्ड शिरत नव्हतं. आबांनी बोट काढलं, पंच्याला पुसलं आणि म्हणाले, "बाळ, हे उतरवाय पायजे. सगळं."

सगळं म्हणजे चार थर. सागाचे सोललेले अख्खे ओंडके एकावर एक आडवे रचून केलेली, कंबरेच्या वर आलेली भिंत. अडीच महिन्यांचं काम होतं. मी त्या ओंडक्यांवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो. नोकरी सोडून तेरा महिने झाले होते, आणि नोकरीतली घाई माझ्याबरोबर घरापर्यंत आली होती हे त्या दुपारी मला पहिल्यांदा नीट दिसलं.

चौदा वर्षं मी हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम केलं. काम वाईट नव्हतं, पगार चांगला होता, माणसंही चांगली भेटली. पण प्रत्येक गोष्टीला तारीख असायची आणि ती तारीख कामाकडे न बघता आधीच ठरलेली असायची. वाकडचा फ्लॅट सकाळी आठला सोडायचा आणि रात्री नऊला गाठायचा. मुलगी झोपलेली असायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, 2021 मध्ये गेले. त्या वेळी दहा दिवस गावी राहिलो आणि लक्षात आलं की सलग दहा दिवस मी तिथं शाळा सुटल्यापासून राहिलोच नव्हतो. मार्च 2022 मध्ये राजीनामा दिला. बायकोनं कोल्हापुरात शिकवण्याची नोकरी धरली, राजारामपुरीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, आणि मी गावाकडं येजा करायला लागलो.

गाव शाहूवाडी तालुक्यात, मलकापूर सोडून आंबा घाटाकडं जाताना आत वळल्यावर. पाऊस दांडगा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत कपडे चुलीवर वाळवायचे असा मुलूख. पायाखाली तांबडा जांभा. आमचं जुनं घर भावकीत वाटून गेलं होतं. उरलं होतं ते दोन एकर रान आणि त्याच्या बांधांवर अण्णांनी 1988 मध्ये लावलेला साग.

लाकडाचं घर डोक्यात आलं त्याला एक कारण आहे. कंपनीनं 2016 मध्ये मला पाच महिने नॉर्वेला पाठवलं होतं. ओस्लोत एक मोठं लोकसंग्रहालय आहे. देशभरातली जुनी घरं उतरवून तिथं पुन्हा उभी केली आहेत. त्यात ओंडक्यांचं एक घर थेट तेराव्या शतकातलं आहे. मी त्या घराच्या भिंतीला हात लावला होता. इतक्या जुन्या भिंतीवर कुऱ्हाडीचे घाव अजून बोटाला लागत होते. खाली दगडांवर टेकवलेलं, वर छप्पर, आणि कोपऱ्यात ओंडक्यात ओंडका अडकवलेला. आपल्याकडं हिमाचलातही देवदाराच्या आडव्या तुळया आणि दगड यांचे थर देऊन काठकुणी पद्धतीची घरं बांधतात आणि ती भूकंपातही तग धरतात. कोल्हापूर भागात मात्र लाकूड उभं वापरायची चाल. खांब, वर तुळई, आढं, वासे, आणि भिंत मातीची नाहीतर चिऱ्याची. आडव्या ओंडक्यांची भिंत आबांनी चाळीस वर्षांत एकदाही केली नव्हती. मी फोटो दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा लावून एकेक फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "तिकडं पाऊस किती?" हाच खरा प्रश्न होता.

त्या एका प्रश्नातून घराचा नकाशा बदलत गेला. जोतं अडीच फूट उंच, जांभ्याचं. जोत्यावर जस्ताच्या पत्र्याची पट्टी, बाहेरच्या बाजूला खाली वाकवलेली. जमिनीतली वाळवी मातीचा बोगदा केल्याशिवाय वर चढत नाही, आणि पत्र्याच्या कडेवरून चढताना तो बोगदा आपल्याला दिसतो. छपराच्या पाख्या भिंतीपासून चार फूट बाहेर. पश्चिमेला सोपा, म्हणजे ओसरी, वाऱ्याबरोबरची झड भिंतीपर्यंत पोचायला नको म्हणून. लाकडाला पाऊस सोसतो, भिजून ओलं राहणं सोसत नाही, असं आबा सांगायचे. भिजलं तरी त्याच दिवशी वारा लागला पाहिजे.

झाडं स्वतःच्या रानातली असली म्हणून कुऱ्हाड घेऊन जाता येत नाही. महाराष्ट्रात झाडतोडीचा 1964 चा कायदा आहे. साग, ऐन, किंजळ, जांभूळ, फणस, आंबा अशी सोळा जातींची झाडं त्याच्या अनुसूचीत आहेत, आणि ती तोडायला वनखात्याची परवानगी लागते. अण्णांनी सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून ठेवली होती. त्या एका ओळीनं माझे किती हेलपाटे वाचले ते मीच जाणतो. ज्यांच्या बांधावर साग आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, आजच नोंद बघून घ्या. अर्ज, पाहणी, मोजणी आणि मंजुरी यात पावसाळा गेला. 62 झाडांची परवानगी मिळाली. त्यातही ओंडके कापायला रानाबाहेर, वखारीत न्यायचे तर वाहतुकीचा परवाना वेगळा. आम्ही सगळं काम रानातच करायचं ठरवलं.

मोजणीवेळी मी एक हिशोब शिकलो. गोल लाकूड घनफुटात मोजताना दोरीनं गोलाई घेतात, तिचा चौथा हिस्सा काढतात, त्याचा वर्ग करतात आणि लांबीनं गुणतात. गोलाई 40 इंच, लांबी 10 फूट असेल तर चौथा हिस्सा 10 इंच, वर्ग 100 चौरस इंच, म्हणजे साधारण 7 घनफूट. खऱ्या भूमितीनं तोच ओंडका पावणेनऊ घनफूट भरतो. सोलून, तासून, चौकोनी करताना जे वाया जाणार ते या रीतीत आधीच वजा होतं. आपलं लाकूड विकायची वेळ आली तर हा फरक माहीत असलेला बरा.

डिसेंबरात, वद्य पक्षात तोड सुरू केली. वद्य पक्ष हा आबांचा आग्रह. त्या दिवसांत तोडलेल्या लाकडाला भुंगा कमी लागतो अशी त्यांची पक्की समजूत. चंद्राचं मला सांगता येणार नाही, पण थंडीत सागाची पानगळ सुरू झालेली असते, उन्हाचा ताप नसतो, लाकूड हळू सुकतं, हे मलाही पटलं. भुंगा शिरतो तो सालीखालच्या पांढऱ्या भागात, तिथं पिठूळ अंश असतो म्हणून. आतली पिवळी-तपकिरी नार, म्हणजे गाभ्याचं लाकूड, त्याला चालत नाही. म्हणून झाड पडल्याबरोबर साल काढायची. पहिल्या दोन दिवसांत ती ऊस सोलल्यासारखी निघते, आठवड्यानं छिन्नी लावावी लागते. सोललेल्या ओंडक्यावर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी ब्रशनं मारलं, तीन हात. दोन्ही टोकांना ऑइलपेंट लावला, कारण ओंडका टोकाकडून सगळ्यात लवकर वाळतो आणि तिथंच फाटतो.

इथपर्यंत सगळं बरोबर झालं. पुढं माझी घाई आडवी आली.

फेब्रुवारीत ओंडके उचलून पाहिले तर हलके लागले. डिसेंबरात चार माणसं लागत होती तो ओंडका आता तिघं उचलत होते. मला वाटलं वाळलं. पावसाआधी छप्पर चढवायचं असं मी मनात ठरवून टाकलं होतं, भिंतीवर कॅलेंडरही लावलं होतं, आठवड्याचे चौकोन रंगवून. आबा म्हणाले, "लाकूड अजून जितं हाय." मी म्हणालो, "आबा, सुरू तर करू." ते वयानं मोठे, पण पैसे माझे, रान माझं. त्यांनी पुढं वाद घातला नाही.

लाकडाचं शास्त्र मी नंतर बसून वाचलं. ओल्या लाकडात पाणी दोन जागी असतं. एक नळ्यांच्या पोकळीत मोकळं, दुसरं पेशींच्या भिंतीत मुरलेलं. आधी मोकळं पाणी जातं. तेव्हा वजन घटतं, पण आकार तसूभरही बदलत नाही. ओलावा साधारण 30 टक्क्यांखाली आला की मग पेशींच्या भिंतीतलं पाणी निघायला लागतं, आणि खरं आकसणं तिथून सुरू होतं. फेब्रुवारीत माझे ओंडके हलके झाले होते, पण आकसायला सुरुवातही झाली नव्हती. मार्च-एप्रिलच्या उन्हात ते चार थरांत बसलेले असताना आकसले. आकसतातही सगळीकडून सारखे नाहीत. लांबीत जवळजवळ नाहीच. गाभ्यापासून सालीकडं जितकं आकसतं, त्याच्या साधारण दुप्पट वर्तुळाच्या दिशेनं. म्हणूनच गोल ओंडक्याला गाभ्यापर्यंत उभी चीर जाते. साग यात पुष्कळ सोशिक आहे, पण सुटका त्याचीही नाही.

थर उतरवायला सहा दिवस लागले. बायको शनिवारी आली, तिनं रिकामं जोतं बघितलं आणि इतकंच विचारलं, "लाकूड खराब झालंय का?" नव्हतं झालं. "मग थांबू या की." तिनं कॅलेंडर काढून मुलीला पाठकोऱ्या कागदासाठी दिलं.

मग आम्ही थांबलो. चौदा वर्षांच्या नोकरीत मी असं कधी थांबलो नव्हतो. ओंडके दगडांवर, मध्ये रिपा घालून, वाऱ्याला वाट ठेवून रचले, वर पत्र्याचं शेड मारलं. दर महिन्याला फिरवायचे, खालचा वर, वरचा खाली. ओलावा मोजायचं छोटं यंत्र आणलं आणि वहीत आकडे लिहायला लागलो. त्या पावसाळ्यात मी भाताची लावण केली, बारा वर्षांनी. पुण्यातल्या एका जुन्या सहकाऱ्यासाठी आठवड्यातून तीन दिवस घरून काम धरलं. ते आजही करतो, कारण दोन एकरांवर घर चालत नाही आणि हे लपवण्यात अर्थ नाही. जुलैत आकडे उलटे वर गेले. शेडमधलं, न भिजलेलं लाकूड नुसत्या हवेतली ओल पिऊन फुगलं. दिवाळीनंतर पुन्हा उतरायला लागले. डिसेंबरात बहुतेक ओंडक्यांवर 16, काहींवर 17. आबांनी यंत्राकडं पाहिलं नाही. त्यांनी एका ओंडक्याच्या टोकावर वाकसाची पाठ मारली, दुसऱ्यावर मारली, कान दिला. "आता बोलतंय," म्हणाले.

2024 च्या जानेवारीपासून जे काम झालं त्यातला प्रत्येक दिवस मला आठवतो. कोपऱ्याची खोबण वरच्या ओंडक्याच्या पोटात घ्यायची, खालच्याच्या पाठीत नाही. पाठीत घेतली तर ती वाटी होते आणि पाणी धरते. वरचा ओंडका जागेवर ठेवायचा, दोन टोकांचा कंपास घेऊन खालच्याची पाठ जशी उंचसखल असेल तशी रेघ वरच्याच्या पोटावर उतरवायची, ओंडका उलटा करायचा आणि रेघेपर्यंत पटाशीनं कोरायचं. एका ओंडक्याला एक दिवस. आबांची रेघ केसाइतकी बारीक असायची आणि ते रेघेचा अर्धा भाग ठेवून कोरायचे. प्रत्येक ओंडक्याच्या पाठीवर लांबीनं करवतीचा एक खोल चर घेतला. फाटायचंच असेल तर त्यानं तिथं फाटावं, वरच्या ओंडक्याखाली, जिथं पाणी जाणार नाही.

दोन थरांमध्ये काय भरायचं हा प्रश्न होता. उत्तरेकडच्या देशांत शेवाळ किंवा मेंढीची लोकर भरतात. आमच्याकडं लोकरीला काय तोटा? घाटाखालून-वरून फिरणाऱ्या धनगरांच्या मेंढ्या वर्षातून दोनदा कातरतात. दख्खनी मेंढीची लोकर राठ. घोंगडी विणणारे हात कमी झाले आणि तिला गिऱ्हाईक उरलं नाही. मी सहा पोती घेतली. ज्या मेंढक्याकडून घेतली त्यानं दोनदा विचारलं, "भिंतीत घालणार? खरंच?" आईनं आणि मी ती ओढ्यावर धुतली, बोरॅक्सच्या पाण्यातून काढली म्हणजे कसर लागू नये, आणि वाळवून पिंजली. आज भिंतीला नाक लावलं तर सागाच्या तेलकट वासाखाली मेंढीचा वास अगदी पुसट येतो. मला तो फार आवडतो.

आता जॅकचं सांगतो, कारण लाकडाच्या घरातलं हे मर्म कुणी सांगत नाही. आडव्या ओंडक्यांची भिंत वाळत जाते तशी बुटकी होते. उभा खांब मात्र लांबीत आकसत नाही. म्हणजे भिंत खाली जाते, खांब तिथंच राहतो, आणि छपराचं वजन सगळं खांबांवर येऊन भिंतीच्या वरच्या थरात फट पडते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक खांबाखाली स्क्रूचा जॅक, भिंत जशी उतरेल तसा उतरवायचा. दाराखिडक्यांच्या चौकटींनाही तोच नियम. त्या ओंडक्यांना खिळ्यांनी ठोकायच्या नाहीत, बाजूच्या खोबणीत सरकत्या ठेवायच्या आणि वर अडीच इंच मोकळी जागा सोडून त्यात लोकर भरायची.

असे जॅक कुठं मिळणार? मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेलो. तिथल्या गल्ल्यांतून लेथचा आवाज ऐकत चालताना मला लहानपणापासून धीर येतो. इथं सांगितलं ते बनतं. एका शेडमधल्या मिस्त्रींना मी चित्र दाखवलं. त्यांनी खोडरबर मागितलं आणि माझे आटे पुसले. "हे आटे नट आवळाय ठीक हायत. वजन तोलायचं असंल तर चौकोनी आटे पायजेत, नायतर घासून खातंय." मग म्हणाले, "फेऱ्याला पाच मिलिमीटर ठेवतो, म्हंजे तुमाला हिशोब सोपा." आठ जॅक, चौथ्या दिवशी तयार, ग्रीस लावून, प्रत्येकावर पंचानं नंबर मारलेला. नंबर मी सांगितले नव्हते.

बारा थर झाले. आढं चढवायला भावकीतली अकरा माणसं आली. ज्यांच्याशी वाटणीवरून बोलणं नव्हतं, ते काकाही आले आणि दोर धरून उभे राहिले. जुन्या पाडलेल्या घरांची मंगळुरी कौलं पारखून आणली होती, एकेक कौल वाजवून. पहिला मोठा पाऊस आला तेव्हा शेवटची पाखी शाकारून तीन दिवस झाले होते.

ऑगस्टमध्ये कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. 8 ऑगस्ट 2024 ची रात्र. बायकोनं फोन केला, ती आणि मुलगी गच्चीवरून लाल आभाळ बघत होत्या. शाहू महाराजांनी उभारलेलं ते थिएटर, आम्ही शाळेतून नाटकं तिथंच पाहिली. दुसऱ्या दिवशी शहरात गेलो तर माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. त्या आठवड्यात आईनं पहिल्यांदा भीती बोलून दाखवली. "अख्खं लाकडाचं आहे रे आपलं." मी तिला जे माहीत होतं ते सांगितलं. जाड ओंडका चटकन पेटत नाही. वरचा थर कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला आगीपासून राखतो. जळण आत सरकतं ते मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर. दहा इंची ओंडक्याला ते फार हळू आहे. घात करतात त्या पातळ फळ्या, पडदे, जुन्या वायरी. पण नुसतं सांगून आई निर्धास्त होणार नव्हती. वायरिंग सगळं लोखंडी पाइपातून घेतलं, चूल सोप्याबाहेर चिऱ्याच्या वेगळ्या पडवीत काढली, आणि पाण्याची टाकी चढाला बांधली, म्हणजे वीज नसली तरी नळी चालेल. टाकी भरल्यावर आईनं स्वतः नळी धरून कौलापर्यंत पाणी पोचतं का ते बघितलं.

वसुबारसेला राहायला आलो. खर्च सगळा धरून साडेसतरा लाख, लाकूड घरचं. यातला सगळ्यात मोठा आकडा मजुरीचा आहे आणि त्यातला एकही रुपया मला जास्त वाटत नाही.

मुलगी आता मलकापूरच्या शाळेत जाते. बायको रोज कोल्हापूरला जाऊन येते आणि तो प्रवास तिला जड जातो, यावर अजून मार्ग निघालेला नाही. रात्री घर बोलतं. उन्हाळ्यात तडतड आवाज येतात, पहिल्या वर्षी आम्ही दचकून उठायचो, आता मुलगी झोपेत कूसही बदलत नाही. पावसात भिंत पाव इंच वर येते आणि स्वयंपाकघराचं दार घट्ट होतं. एका शनिवारी मी ते दार रंध्यानं उतरवायला घेतलं तर आबांनी हात धरला. "थंडीत बघ. आत्ता तासलास तर मग फट राहील." थंडीत दार आपोआप सैल झालं.

जॅकची वही सोप्यात खुंटीला टांगलेली आहे. पहिल्या सहा महिन्यांत दर पंधरवड्याला पाना लागायचा, पुढं दोन महिन्यांनी. आजवर एकूण नऊ फेरे, म्हणजे पावणेदोन इंच भिंत खाली बसली. आकडे आता मुलगी लिहिते. मी पाना फिरवतो, आबा जोत्यावर बसून ओळंबा धरतात. त्यांना गुडघ्यामुळं खाली वाकवत नाही. सात जॅक गेल्या मेपासून हललेले नाहीत. पश्चिमेच्या कोपऱ्यातला, पाच नंबरचा, अजून अर्धा फेरा मागतोय. मी परवाच पाना काढला होता. आबा म्हणाले, दिवाळीपर्यंत राहू दे.